एफझेडएफ: फाईल न शोधणारे, तरी हाती देणारे साधन

२०२५ या वर्षात गूगल, ओपनएआय आणि अँथ्रॉपिक या तिन्ही कंपन्यांनी प्रोग्रॅम लिहिण्यास मदत करणारे आपले एआय सहायक टर्मिनलमधून चालतील अशा रूपात आणले. ज्या काळ्या खिडकीकडे बहुतेकांनी कधी वळूनही पाहिले नव्हते, ती त्यामुळे एकाएकी अनेकांच्या पडद्यावर आली. ती उघडून बसलेल्या नवख्या माणसाला पहिली अडचण येते ती अगदी साधी असते: फाईल ठेवली कुठे, आणि इथून ती उघडायची कशी?

या अडचणीवर जाणकार हमखास एक नाव सुचवतात, ते म्हणजे एफझेडएफ. हे साधन फायली शोधते असे सर्रास सांगितले जाते आणि तिथूनच समजुतीचा घोटाळा सुरू होतो. खरे तर फायली धुंडाळणे आणि सापडलेली फाईल उघडणे ही दोन्ही कामे दुसरे प्रोग्रॅम करतात. एफझेडएफच्या वाट्याला मधले एकच काम येते, ते म्हणजे समोर आलेली यादी चाळणे. ही विभागणी ध्यानात आली की त्याचे उपयोग आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही समजायला सोपे जाते.

## टर्मिनलमध्ये फाईल हरवते म्हणजे काय

टर्मिनल म्हणजे संगणकाला लिहून हुकूम देण्याची खिडकी, आणि तो हुकूम वाचून अमलात आणणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. या खिडकीत फोल्डरची चित्रे दिसत नाहीत. फाईल हवी असेल तर तिचा पाथ, म्हणजे कोणत्या फोल्डरच्या आतल्या कोणत्या फोल्डरमध्ये ती आहे हा पूर्ण पत्ता, अक्षरन् अक्षर लिहावा लागतो. 'कागदपत्रे/आयकर/२०२४/पावत्या/विमा.पीडीएफ' असा पत्ता असेल आणि त्यातले एक अक्षर चुकले, तर अशी फाईल नाही एवढेच कोरडे उत्तर मिळते.

शेलमध्ये टॅबची कळ दाबून नाव पूर्ण करून घेण्याची सोय जुनी आहे, पण तिला नावाची सुरुवात माहीत असावी लागते. आपली आठवण मात्र त्या क्रमाने चालत नाही. विम्याची पावती होती, पीडीएफ होती, बहुधा गेल्या वर्षीची होती, असे तुकडे आपल्याला आठवतात. ते तुकडे नावाच्या मधले किंवा शेवटचे असतात आणि टॅबला त्यांचा काही उपयोग नसतो.

## फाइंड आणि लोकेट

युनिक्स घराण्यातल्या, म्हणजे लिनक्स किंवा मॅकसारख्या, संगणकांवर यासाठी दोन जुने हुकूम आहेत. फाइंड हा हुकूम सांगितलेल्या फोल्डरपासून सुरुवात करून आतले एकूण एक फोल्डर प्रत्यक्ष उघडून पाहतो, त्यामुळे उत्तर ताजे मिळते, पण डिस्क मोठी असेल तर वाट पाहावी लागते. लोकेट हा हुकूम आधीच तयार करून ठेवलेल्या यादीत पाहतो. उत्तर डोळ्याचे पाते लवण्याआधी येते, परंतु ही यादी साधारणपणे दिवसातून एकदाच नव्याने केली जात असल्याने तासाभरापूर्वी उतरवलेली फाईल तिच्यात नसते.

दोन्हींची रीत मात्र सारखीच आहे. प्रश्न आधी पूर्ण लिहायचा, मग उत्तर मिळणार; आणि प्रश्नात स्पेलिंगची एक चूक असेल तर उत्तर शून्य, की पुन्हा पहिल्यापासून.

## चाळणीची रीत

एफझेडएफ हे साधन जुनगुन चोई या कोरियन प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये तयार केले. आधी ते रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होते. २०१५ मध्ये ते गो या भाषेत नव्याने लिहिले गेले आणि त्याचा वेग बराच वाढला. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि एकच छोटी फाईल म्हणून संगणकावर बसते.

त्याची रचना ज्या कल्पनेवर उभी आहे ती त्याच्यापेक्षा चाळीस वर्षांनी जुनी आहे. १९७३ मध्ये बेल प्रयोगशाळेत डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला. एका प्रोग्रॅमने बाहेर टाकलेला मजकूर तसाच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत सोडायचा, ही ती सोय. प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम करावे आणि पुढचे काम पुढच्याकडे सोपवावे, ही शिस्त तिच्यामुळे रुजली.

एफझेडएफ या साखळीत चाळणीसारखे बसते. वरून कोणीतरी धान्य ओततो, चाळणी हलवणारा हात आपला असतो, आणि खाली पडलेल्याचे काय करायचे हे पुढचा ठरवतो. प्रत्यक्षात वरून येतात त्या मजकुराच्या ओळी. फायलींच्या बाबतीत प्रत्येक ओळ म्हणजे एकेका फाईलचा पाथ. या ओळी पडद्यावर मांडल्या जातात आणि टंकनासाठी एक रिकामी जागा मिळते. तिथे एकेक अक्षर टाकत जावे तशी यादी त्याच क्षणी आक्रसत जाते. शेजारी '१२/४८२१०' असा आकडा दिसतो, म्हणजे ४८,२१० ओळींपैकी १२ ओळी अजून टिकून आहेत. हवी ती ओळ बाणाच्या कळेने गाठून एंटर दाबला की एफझेडएफ ती ओळ जशीच्या तशी बाहेर टाकते आणि संपते.

प्रश्न पूर्ण लिहून होण्याआधीच उत्तर दिसू लागते, हा फाइंड आणि लोकेटपेक्षा खरा फरक आहे. तीन अक्षरांत काम झाले तर चौथे लिहावे लागत नाही, आणि यादी भलतीकडे जाते आहे असे दिसले तर एक अक्षर खोडून दुसरे टाकता येते.

## मग फाईल उघडते कोण

इथे बहुतेक नवखे गोंधळतात. एफझेडएफ सुरू केले, फाईल निवडली, एंटर दाबला आणि पडद्यावर नुसते नाव उमटले, अशी त्यांची तक्रार असते. पण तेच अपेक्षित आहे. ते नाव कोणाच्या तरी हाती द्यावे लागते: मजकूर संपादित करायचा असेल तर विमसारख्या संपादकाच्या, आणि पीडीएफ किंवा चित्र असेल तर त्या प्रकारच्या फायली एरवी ज्यात उघडतात तो प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या हुकुमाच्या. लिनक्सवर हे काम एक्सडीजी-ओपन करतो, मॅकवर नुसता ओपन.

ही जुळणी दर वेळी हाताने करावी लागू नये म्हणून शेलसाठी तीन कळजोड्या सोबत येतात. हुकूम अर्धा लिहून कंट्रोल आणि टी दाबले की यादी उघडते आणि निवडलेला पाथ त्याच ओळीत, कर्सर होता तिथे, चिकटतो. ऑल्ट आणि सी दाबले की फक्त फोल्डरांची यादी येते आणि निवडलेल्या फोल्डरमध्ये आपण थेट जाऊन पोहोचतो. कंट्रोल आणि आर यांच्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे. मॅक वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तिथे ऑल्टच्या जागी असलेली ऑप्शन कळ मुळात निराळी चिन्हे लिहिण्यासाठी असल्याने टर्मिनलच्या सेटिंगमध्ये तिला मेटा कळ म्हणून वागवायला सांगितल्याशिवाय ऑल्ट-सी चालत नाही.

एकाहून अधिक फायली हव्या असतील तर कंट्रोल-टीच्या यादीत टॅब दाबून एकेकीवर खूण करता येते. निवडण्याआधी फाईलच्या आत काय आहे हे शेजारच्या चौकटीत दिसावे अशीही सोय आहे, पण ती स्वतःहून सुरू होत नाही. ती चौकट कोणत्या हुकुमाने भरायची हे आपण सांगायचे असते.

## बारा ओळींत पहिली कोणती, हे कसे ठरते

एफझेडएफमध्ये आपण लिहिलेली अक्षरे सलग असण्याची अट नसते. ती त्याच क्रमाने नावात कुठेतरी आली पाहिजेत, एवढीच अट असते. अशा जुळणीला अस्पष्ट जुळणी म्हणता येईल. पण अट इतकी सैल ठेवली की भलभलत्या ओळीही जुळू लागतात, आणि मग खरी करामत जुळवण्यात उरत नाही, तर जुळलेल्यांची प्रतवारी लावण्यात असते.

यासाठी वापरलेली पद्धत जीवशास्त्राकडून आली आहे. टेम्पल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी १९८१ मध्ये प्रथिनांच्या किंवा डीएनएच्या दोन लांबलचक साखळ्यांमधले सर्वांत जास्त जुळणारे तुकडे शोधण्याची रीत मांडली. तीत जुळणाऱ्या घटकाला गुण मिळतात आणि मध्ये पडलेल्या खंडासाठी गुण कापले जातात. एफझेडएफ याच रीतीची फेरफार केलेली आवृत्ती वापरते. जुळलेल्या प्रत्येक अक्षराला १६ गुण. मध्ये खंड पडला तर पहिल्या वगळलेल्या अक्षराला ३ गुण वजा आणि पुढच्या प्रत्येकाला १ वजा. जुळलेले अक्षर शब्दाच्या आरंभी असेल तर ८ किंवा थोडे अधिक गुण वर. आणि आपण लिहिलेल्या पहिल्याच अक्षराला हे वरचे गुण दुप्पट.

एक उदाहरण पाहू. एका फोल्डरमध्ये 'मार्च-रिपोर्ट-पुणे' आणि 'टेम्परेचर-मॅप' अशा, इंग्रजी लिपीत नावे दिलेल्या, दोन फायली आहेत आणि आपण इंग्रजी एम, आर, पी ही तीन अक्षरे लिहिली. ही अक्षरे दोन्ही नावांत त्याच क्रमाने येतात, तेव्हा दोन्ही ओळी यादीत टिकतात. पण पहिल्या नावात तिन्ही अक्षरे शब्दांच्या सुरुवातीला आहेत. दुसऱ्यात ती शब्दांच्या पोटात विखुरलेली आहेत. गुण मोजले तर पहिल्या फाईलला दुसरीच्या जवळजवळ दुप्पट गुण पडतात आणि ती वर येते. माणूस नाव आठवताना शब्दांची आद्याक्षरेच पकडतो, या निरीक्षणावर ही गुणपद्धती बेतलेली आहे, आणि म्हणूनच एफझेडएफला आपल्या मनातले कळते असा भास होतो. गुण सारखे झाले तर लांबीने लहान असलेली ओळ आधी येते.

## सैलपणा नको असेल तर

अस्पष्ट जुळणी काहींना पटत नाही, आणि तो आक्षेप रास्त आहे. हजारो सारख्या नावांच्या फायली असतील, तर सैल जुळणीत नको ते फार येते. त्यासाठी थोडी चिन्हे शिकून घ्यावीत. शब्दाआधी एकेरी अवतरणचिन्ह दिले की तो शब्द सलगच हवा असतो. आधी कॅरेटचे (^) चिन्ह दिले तर ओळ त्या शब्दाने सुरू व्हावी लागते, आणि शब्दानंतर डॉलरचे चिन्ह दिले तर त्याने संपावी लागते. उद्गारचिन्ह आधी दिले तर तो शब्द असलेल्या ओळी गळतात. जागा सोडून लिहिलेले शब्द स्वतंत्र अटी ठरतात आणि त्यांचा आपसातला क्रम कसाही चालतो. 'विमा २०२४' लिहा किंवा '२०२४ विमा', यादी तीच येते. रोजच्या वापरात सर्वांत उपयोगी पडते ती ही शेवटची सोय, असे माझे मत आहे.

## मराठी नावांच्या फायलींचे काय

फायलींना मराठी नावे देणाऱ्यांना इथे एक अनपेक्षित फायदा होतो. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी व्यंजनापासून वेगळी चिन्हे म्हणून साठवली जातात आणि एफझेडएफ त्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र अक्षर मानते. त्यामुळे नुसते 'सतबर' लिहिले तरी 'सातबारा' जुळतो आणि 'शकषण' लिहिले तरी 'शिक्षण' जुळते. ऱ्हस्व-दीर्घाच्या घोळावरही हा सोपा उपाय आहे. एका फाईलचे नाव 'मीटिंग' आणि दुसरीचे 'मिटिंग' असे असेल, तर वेलांटी लिहून शोधल्यास दोहोंपैकी एकच सापडते. 'मटग' लिहिल्यास दोन्ही सापडतात.

अडचणीही आहेत. 'ॲप' हा शब्द काही कीबोर्डांवरून एका अखंड चिन्हाने लिहिला जातो, तर काहींवरून 'अ' लिहून त्यावर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत आणि एक लिहून दुसरा सापडत नाही. देवनागरी ७ आणि इंग्रजी आकड्यातला सात यांचेही तेच. रोमन लिपीत टंकून देवनागरी नाव सापडेल अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण एफझेडएफ लिप्यंतर करत नाही. शिवाय बऱ्याच टर्मिनलांत प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन मिळतो आणि देवनागरी जोडाक्षरे त्यात नीट बसत नाहीत, म्हणून नाव सापडते पण दिसताना तुटलेले दिसते. जे लोक मराठी नावे रोमन लिपीत लिहितात त्यांना मात्र स्वरांचा प्रश्न सतावत नाही. सातबारा कोणी एका 'ए'ने लिहितो, कोणी दोन; एस, टी, बी, आर एवढ्याने दोन्ही हाती लागतात.

## ओळी कशाच्याही असू शकतात

चाळणीला वर काय ओतले आहे याच्याशी कर्तव्य नसते, आणि एफझेडएफ लोकप्रिय होण्याचे मोठे कारण हेच आहे. आधी दिलेल्या हुकुमांची यादी ओतली तर ते विसरलेला हुकूम शोधून देते. कंट्रोल-आर करते ते हेच. महिन्यापूर्वी कोठून तरी उतरवून घेतलेला, पाच-सहा पर्याय जोडलेला, व्हिडिओचा आकार लहान करणारा हुकूम पुन्हा हवा असेल, तर त्यातला एखादा शब्द पुरतो. माझ्या मते या एका सोयीसाठीही हे साधन बसवून घ्यावे. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट हे साधन वापरणारे कामाच्या शाखांची यादी ओततात, सर्व्हर सांभाळणारे चालू असलेल्या प्रोग्रॅमांची. चाळण्याचे काम या सगळ्यांत तेच राहते. ओळी येतात, निवडलेली ओळ जाते.

## माऊस असताना हा खटाटोप कशाला

ज्याचे सगळे काम फोल्डरच्या खिडकीत होते, त्याला याची गरज नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मॅकवर स्पॉटलाइट २००५ पासून आहे, आणि विंडोजवर एव्हरीथिंग नावाचा मोफत प्रोग्रॅम डिस्कची मुख्य नोंदवहीच थेट वाचून नावे तत्काळ दाखवतो. घरच्या संगणकावरची एक फाईल शोधायला ही साधने उत्तम आहेत. प्रश्न येतो तो हात आधीच टर्मिनलमध्ये असताना, आणि त्याहूनही अधिक दूरच्या सर्व्हरवर काम करताना. तिथे खिडक्या नसतात आणि माऊसही नसतो. लिहिलेले हुकूमच काय ते जातात.

## लाखो फायली असतील तर

यादी पूर्ण तयार होण्याची वाट एफझेडएफ पाहत नाही. ओळी येत असतानाच ती चाळायला देते. २०२४ पासूनच्या आवृत्त्यांत फोल्डर पालथे घालण्याचे कामही त्याच्या आतच, फाइंडवर न विसंबता होते, आणि गिटचा अंतर्गत फोल्डर व जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांत साचणारा नोड-मॉड्यूल्सचा ढीग आपोआप वगळला जातो. मी वर केलेली विभागणी त्यामुळे किंचित पुसट झाली आहे, हे खरे. पण ही आतली सोय बाजूला ठेवून एफडीसारखा दुसरा यादी देणारा प्रोग्रॅम कधीही जोडता येतो. यादी संथ वाटली तर दोष बहुधा आपण उभे आहोत त्या जागेचा असतो. संपूर्ण डिस्कच्या मुळाशी किंवा नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर उभे राहून सुरुवात केली तर कोणतेही साधन रेंगाळेल. हव्या त्या फोल्डरच्या जवळ जाऊन सुरुवात करावी.

फाईलच्या आतला मजकूर शोधायचा असेल, तर ते काम रिपग्रेपसारख्या प्रोग्रॅमचे. तो जुळणाऱ्या ओळी देतो आणि एफझेडएफ त्या चाळते.

## चुकून भलतेच उडाले तर

एफझेडएफ स्वतः काहीही पुसत नाही, पण निवडलेली नावे पुसणाऱ्या हुकुमाला पाइपने थेट जोडली तर एंटर दाबताच ती जातात, आणि टर्मिनलमधून गेलेली फाईल कचरापेटीत सापडत नाही. पुसण्याच्या कामासाठी म्हणून कंट्रोल-टीच वापरावे: नावे हुकुमाच्या ओळीत चिकटतात, डोळ्यांसमोर राहतात, आणि दुसऱ्यांदा एंटर दाबेपर्यंत काही होत नाही. दुसरा फायदा असा की ज्या नावात मध्ये मोकळी जागा आहे ते कंट्रोल-टी एकच नाव म्हणून वाचले जाईल अशा रीतीने चिकटवते. साध्या पाइपमध्ये असे नाव दोन तुकड्यांत फुटू शकते आणि हुकूम भलत्याच फाईलवर चालू शकतो.

खासगीपणाबाबत सांगायचे तर यादी संगणकाबाहेर जात नाही. मात्र ऑनलाइन बैठकीत पडदा इतरांना दाखवत असताना कंट्रोल-आर दाबले, तर जुने हुकूम, आणि त्यांत कधी पासवर्ड लिहिला असेल तर तोही, सर्वांना दिसतो.

## बसवायचे कसे, आणि जुन्या सवयींचे काय

उबुंटू आणि डेबियनवर एपीटी, मॅकवर होमब्रू आणि विंडोजवर विंगेट या प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या साधनांच्या मार्फत एफझेडएफ एका हुकुमात बसते. कळजोड्या मात्र त्याने सुरू होत नाहीत. त्यासाठी शेलच्या सुरुवातीच्या फायलीत एक ओळ घालावी लागते, आणि ती राहून गेल्यामुळेच पुष्कळांना बसवूनही काही घडले नाही असे वाटते. ही तयार जोडणी बॅश, झेडशेल आणि फिश या शेलांसाठी आहे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये पीएसएफझेडएफ हे वेगळे मॉड्यूल घ्यावे लागते.

ज्यांची बोटे बॅशमध्ये मुरलेली आहेत त्यांनी आधी हे पाहावे की या तिन्ही कळजोड्यांना तिथे पूर्वीपासून कामे नेमलेली आहेत. कंट्रोल-टी शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल करते, ऑल्ट-सी शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल करते आणि कंट्रोल-आर जुन्या हुकुमांत उलटा शोध घेते. एफझेडएफ या तिन्ही जागा घेते. शेवटच्या बदलाबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही. पहिल्या दोन सोयी ज्यांना लागतात त्यांना नव्या आवृत्त्यांत तेवढ्या दोन कळजोड्या बंद ठेवून कंट्रोल-आर चालू ठेवता येते.